टेन्स-ईएमएस मशीन घरी वापरताना : नुसते मोडचे आकडे छापलेत, लावायचे काय आणि कसे?

औदुंबर :
खिशात मावणारी, बॅटरीवर चालणारी, त्वचेवर पॅड चिकटवून विजेचे क्षणिक ठोके (पल्स) देणारी टेन्स-ईएमएस मशीन आता औषधांच्या दुकानातही दिसतात. ‘करंट’ घ्यायला रोज फिजिओकडे जाणे ज्यांना जमत नाही त्यांची चांगली सोय होते. अडचण अशी की यांतल्या पुष्कळ मशीनवर हर्ट्झ (सेकंदाला किती पल्स), मायक्रोसेकंद (पल्स किती लांब), मिलीअँपिअर (प्रवाह किती) यांपैकी काहीही छापलेले नसते. मोड १ ते २४, पातळी १ ते २०, आणि हात, हातोडा, पाऊल अशी चित्रे. माहितीपत्रकात ‘आरामदायक वाटेल तेवढे वाढवा’ एवढेच.

प्रश्न असे :
१. दुखरा गुडघा आणि बारीक झालेली मांडी, दोन्हींना एकच मोड चालतो का?
२. पॅड कुठे लावायचे, किती वेळ ठेवायचे?
३. मधुमेह, पेसमेकर, बदललेला गुडघा यांत कोणाला चालते आणि कोणाला नाही?
४. मुंग्या कुठे संपतात आणि चटका कुठे सुरू होतो, हे कसे ओळखायचे?

ज्यांना नेमके माहीत आहे त्यांनी कृपया आकड्यांसकट लिहा.

निशिगंध :
पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट ‘नाही’. एका डब्यात दोन वेगळी कामे कोंबली आहेत, आणि घरी होणारा बराच घोटाळा तिथेच होतो.

टेन्स नसांसाठी, म्हणजे वेदनेसाठी. नेहमीच्या टेन्समध्ये ८० ते १०० हर्ट्झ, पल्सची रुंदी ५० ते १०० मायक्रोसेकंद, आणि झिणझिण्या जोरदार पण सोसवतील अशा. स्नायू हलता कामा नये. ठेच लागल्यावर आपण ती जागा चोळतो, त्याच जातीचे हे काम : स्पर्शाच्या जाड नसा जाग्या केल्या की मज्जारज्जूत वेदनेचा निरोप दबतो. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेला ‘गेट कंट्रोल’ सिद्धांत तो हाच. दुसरा प्रकार मंद टेन्सचा : २ ते ४ हर्ट्झ, १५० ते २५० मायक्रोसेकंद, स्नायू टक-टक उडेल इतका जोर. यात शरीरातली अफूसदृश द्रव्ये कामाला लागतात. वेळ दोन्हींत सुरुवातीला २० ते ३० मिनिटे.

ईएमएस स्नायूंसाठी. ३५ ते ५० हर्ट्झ, २०० ते ४०० मायक्रोसेकंद, आणि मुख्य म्हणजे मध्ये विश्रांती. स्नायू काही सेकंद घट्ट आवळला जातो, मग सैल पडतो. विश्रांतीशिवाय सलग आवळत ठेवला तर दोन-तीन मिनिटांत दमतो आणि दुसऱ्या दिवशी दुखणे वाढलेले असते.

दुखऱ्या गुडघ्याला ईएमएसचा मोड अर्धा तास लावून ठेवणे ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक.

बारा_व्होल्ट :
निशिगंधताईंनी शरीराची बाजू सांगितली, मी डब्याच्या आतली सांगतो. ‘बॅटरीवर आहे, काय होणार’ हा समज आधी काढून टाकू या.

आत ९ व्होल्टची किंवा लिथियमची बॅटरी असली तरी सर्किट व्होल्टेज चढवते. त्वचेसकट वाटेचा अडथळा १००० ओहम धरला आणि शिखराला ८० मिलीअँपिअर पाठवायचे असतील, तर त्या क्षणी ८० व्होल्ट लागतात. पल्स फारच छोटी असते म्हणून ते सोसते. ८० मिलीअँपिअर गुणिले २०० मायक्रोसेकंद म्हणजे एका पल्समागे १६ मायक्रोकूलॉम विद्युतभार.

खरा धोका जागेचा आहे. उदाहरण : ४० मिलीअँपिअर, १०० मायक्रोसेकंद, १०० हर्ट्झ. सेकंदाचा शंभरावा भागच प्रवाह वाहतो, म्हणून आरएमएस किंमत (प्रवाहाची परिणामी सरासरी, ती त्या भागाच्या वर्गमुळाने म्हणजे दहाव्या हिश्शाने येते) ४ मिलीअँपिअर येते. ५ बाय ५ सेंमीचा पॅड नीट चिकटलेला असेल तर २५ चौ. सेंमीवर वाटून चौ. सेंमीला ०.१६ मिलीअँपिअर. आता पॅड वाळला, उचकटला आणि एका कोपऱ्यात फक्त १ चौ. सेंमी टेकलेला राहिला. मशीन स्थिर-प्रवाह जातीचे असेल तर तेवढेच ४ मिलीअँपिअर त्या कोपऱ्यातून जातात. अशा मशीनसाठीचे आंतरराष्ट्रीय सुरक्षा-मानक चौ. सेंमीला २ मिलीअँपिअरच्या पुढे विशेष लक्ष द्यायला सांगते, आणि इथे त्याच्या दुप्पट झाले. पातळीला हातही न लावता.

म्हणून चौथ्या प्रश्नाचे माझे उत्तर : झिणझिण्या पूर्ण पॅडखाली पसरलेल्या वाटल्या पाहिजेत. एकाच ठिपक्यात किंवा कडेला सुई टोचल्यासारखे, चरचर वाटले की तो चटका. पातळी शून्यावर आणा, पॅड काढून बघा. पातळी वाढवून किंवा पॅड बोटाने दाबून धरून तो जात नाही.

तांबडमाती :
स्थिर-प्रवाह म्हणजे? सगळी मशीन तशीच असतात का?

बारा_व्होल्ट :
नाही. स्थिर-प्रवाह मशीन अडथळा वाढला की व्होल्टेज वाढवते आणि ठरलेला प्रवाह ढकलते. स्थिर-व्होल्टेज मशीनमध्ये पॅड सुटू लागला की प्रवाह आपोआप घटतो, म्हणून कोपऱ्याचा चटका कमी. पण पॅडवर पाणी लावून पुन्हा चिकटवला की प्रवाह एकदम चढतो आणि दचकायला होते. दोन्हींना नियम एकच : पॅडला हात लावायच्या आधी पातळी शून्य.

पळसपान :
तिसऱ्या प्रश्नावर लिहिते. कारणांसह लिहिते, कारण नुसती यादी लक्षात राहत नाही.

पेसमेकर किंवा छातीत बसवलेला डिफिब्रिलेटर (ठोके बिघडले की झटका देणारे उपकरण) : घरी वापरूच नये. पेसमेकरला मशीनच्या पल्स हृदयाचे ठोके वाटू शकतात आणि तो स्वतःचे ठोके देणे थांबवू शकतो. डिफिब्रिलेटर त्याच चुकीपायी झटका देऊ शकतो. पाय असो की कंबर, हृदयरोगतज्ज्ञांनी तपासून लेखी होकार दिल्याशिवाय नाही. कॉक्लियर इम्प्लांट (कानात बसवलेले ऐकण्याचे उपकरण) आणि मणक्यातला स्टिम्युलेटर यांनाही हेच.

मानेची पुढची बाजू आणि कडा : तिथे कॅरोटिड सायनस आहे. तो उद्दीपित झाला तर रक्तदाब आणि नाडी झटकन उतरते, स्वरयंत्राचे स्नायूही आवळू शकतात. मानेच्या मागे, केसांच्या रेषेखाली, मणक्याच्या दोन्ही बाजूंना चालते.

छातीच्या आरपार : एक पॅड पुढे आणि एक पाठीवर, किंवा हृदय मधे येईल अशी कोणतीही जोडी नको. डोळ्यांवर आणि डोक्यावर नको. अपस्मार असेल तर मान-खांदेसुद्धा विचारूनच.

गरोदरपण : पोट, कंबर, ओटीपोट टाळायचे. प्रसूतिकळांसाठी काही देशांत टेन्स वापरतात, पण तो वेगळा विषय आहे आणि तिथे सुईण जवळ असते.

पोटरी एकाच बाजूची सुजलेली, गरम, दुखरी : शिरेत गुठळी असू शकते. मशीन बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कर्करोगाच्या गाठीवर, जखमेवर, इसबावर, नुकत्या रक्तस्राव झालेल्या जागीही नको.

बदललेला गुडघा, हाडात बसवलेली पट्टी, स्क्रू : टेन्सला अडचण नाही. ‘धातू आहे, करंट चालत नाही’ हा नियम शॉर्टवेव्ह डायथर्मीचा (रेडिओलहरींनी शेक देण्याचा), तिथे धातू तापतो. तो चुकून इकडे लावला जातो. मात्र टाके किंवा स्टेपल अजून कातडीवर असतील तर पॅड त्यांच्यापासून दूर.

मधुमेह : आजार आड येत नाही, बधिरपणा आड येतो. प्रत्येक पॅडच्या जागी टाचणीचे टोक आणि डोके आलटून पालटून टेकवा, माणसाचे डोळे मिटलेले. पाचपैकी पाच वेळा टोचरे की बोथट हे बरोबर सांगता आले तरच तिथे पॅड. बधिर पावलावर पॅड लावला तर बारा_व्होल्ट सांगतात तो कोपऱ्याचा चटका त्या माणसाला कळतच नाही, फोड दिसल्यावर कळतो. अशा वेळी जिथे संवेदना शाबूत आहे तिथे, म्हणजे वर पोटरीवर पॅड लावतात.

सह्यकडा :
वरचे सगळे बरोबर आहे, पण एक पायरी मागे जाऊ. हे उपयोगी आहे का? उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी आणि २०२२ मध्ये सांध्यांच्या झिजेसाठी ‘टेन्स देऊ नये’ असे लिहिले आहे. झिजेच्या बाबतीत ईएमएस आणि आयएफटीही (दवाखान्यातला, दोन प्रवाह मिसळून दिलेला करंट) त्याच यादीत आहेत, कारण फायद्याचा पुरेसा पुरावा नाही. आपल्याकडे गुडघेदुखीला दहा-दहा दिवस आयएफटी लावतात आणि व्यायाम मात्र कागदावर राहतो. सुरक्षिततेची चर्चा करताना हेही सांगायला हवे, नाहीतर लोक मशीन घेऊन व्यायाम सोडतील.

निशिगंध :
सह्यकडा, शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. निष्कर्षाशी अर्धीच.

२०२२ मध्येच ३८१ चाचण्यांचा मोठा आढावा प्रसिद्ध झाला. दिखाऊ (प्रवाह न देणाऱ्या) मशीनच्या तुलनेत टेन्स चालू असताना आणि लगेच नंतर वेदना कमी असते, असे त्यात मध्यम खात्रीने निघाले, आणि गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत. दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात. टेन्स गुडघा बरा करत नाही आणि त्याचा परिणाम बंद केल्यावर फार टिकत नाही. पण त्या तासाभरात वेदना उतरते, आणि तो तास कशात घालवायचा हे आपल्या हातात आहे. बसून असताना होणाऱ्या वेदनेपेक्षा हलताना होणाऱ्या वेदनेवर टेन्स जास्त चालते. म्हणून मी पॅड लावलेले ठेवून खुर्चीतून उठ-बस, पाय सरळ उचलणे, घरात चालणे हे करायला सांगते. सोफ्यावर टीव्हीसमोर लावले तर सह्यकडांचेच म्हणणे खरे ठरते.

सह्यकडा :
व्यायामासोबत असेल तर माझा विरोध मागे. हे वाक्य मशीनच्या खोक्यावर छापायला हवे.

मृद्गंध :
पॅड आणि त्वचेबद्दल. तक्रारी येतात त्या बहुतेक इथूनच.

पॅड लावण्याआधी जागा साबण-पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा. आपल्याकडे दुखऱ्या जागी आधी तेल किंवा बाम चोळलेला असतोच. तेलाने अडथळा वाढतो आणि पॅडचा चिकटपणा कायमचा जातो. बामातले मेंथॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट पॅडखाली कोंडले की नुसत्या बामानेही आग होते, मग ती करंटची की बामाची हे ठरवता येत नाही. बाम लावला असेल तर धुऊन टाका आणि त्या वेळचे मशीन पुढे ढकला.

केस दाट असतील तर कात्रीने बारीक करा. वस्तऱ्याने केले तर निदान एक दिवस थांबा, ताज्या ओरखड्यांतून प्रवाह एकवटतो.

चिकट जेल पॅड साधारण २० ते ३० वेळा चालतो. वापर झाला की बोटाच्या टोकाने पाण्याचे दोन-तीन थेंब जेलवर फिरवा, मूळ प्लास्टिकच्या चकचकीत बाजूवर चिकटवा, झिपच्या पिशवीत बंद करा. कडा पांढरट, कडक दिसू लागल्या किंवा केस-धूळ बसून ठिपके पडले की फेका. एकाचे पॅड दुसऱ्याला लावू नका, घरातले असले तरी.

दवाखान्यातले काळे कार्बन-रबरचे पॅड घरी वापरणार असाल तर सोनोग्राफीचे जेल पूर्ण पृष्ठभागावर सारखे पसरा आणि चारही कडांना चिकटपट्टी लावा. कोरफडीचा गर, टूथपेस्ट, व्हॅसलिन ही जेलची बदली नाही. व्हॅसलिन तर करंट अडवते.

पॅड काढल्यावर सारखा गुलाबीपणा असेल आणि तासाभरात गेला तर ठीक. दोन्ही पॅडच्या आकाराचा खाजरा चट्टा दुसऱ्या दिवशीही असेल तर जेलची ॲलर्जी समजा. टाचणीएवढे लाल ठिपके म्हणजे वाळलेला पॅड.

बारा_व्होल्ट :
मृद्गंध, त्यात एक भर. दर वेळी एकाच वायरच्या पॅडखाली लाली किंवा फोड येत असेल तर दोष मशीनमध्ये आहे. पल्सची धन आणि ऋण बाजू समसमान असायला हवी. तोल बिघडला की एकाच दिशेने थोडा प्रवाह उरतो, आणि ऋण पॅडखाली अल्क, धन पॅडखाली आम्ल तयार होते. तो भाजण्याचा नव्हे, रसायनाचा चट्टा. असे मशीन दुरुस्तीलाही न ठेवता बाद करा.

पारिजातक :
थोडे अवांतर. पहिल्या शतकातल्या स्क्रिबोनियस लार्गस या रोमन वैद्याने विजेचा झटका देणाऱ्या टॉर्पीडो माशाचा उपचार लिहून ठेवला आहे. वातरक्ताच्या दुखण्यात ओल्या किनाऱ्यावर उभे राहून पायाखाली जिवंत मासा धरायचा, पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईपर्यंत. डोकेदुखीत तो दुखऱ्या जागेवर ठेवायचा. पातळीचे बटण नव्हते, पण ‘किती वेळ’ याचे उत्तर त्यानेही दिले होते.

निशिगंध :
वा, पारिजातक! फक्त ‘बधिर होईपर्यंत’ हा निकष आज कोणी वापरू नका.

आता मांडीच्या स्नायूकडे. मूळ प्रश्नाचा तो अर्धा भाग राहिला.

पॅड मोठे हवेत, ५ बाय ९ सेंमी. एक पॅड वाटीच्या वर, आतल्या बाजूच्या फुगीर स्नायूवर, वाटीपासून तीन-चार बोटे वर. दुसरा मांडीच्या पुढून, किंचित बाहेरच्या बाजूला, जांघेच्या घडीखाली एक वीत. दोन पॅडमध्ये कधीही अडीच सेंमीपेक्षा कमी अंतर नको, इथे ते आपोआप जास्तच राहते.

खुर्चीत बसा, गुडघा साधारण ६० अंश वाकलेला, घोटा पट्ट्याने खुर्चीच्या पायाला बांधलेला, म्हणजे स्नायू जोर लावेल पण पाय उसळणार नाही. ५० हर्ट्झ, ३०० मायक्रोसेकंद, जोर दोन सेकंदांत चढणारा, १० सेकंद आवळ, ५० सेकंद विश्रांती. असे १० ते १५ वेळा, म्हणजे पंधरा मिनिटांच्या आत संपते. आठवड्यातून तीन ते पाच दिवस. मशीन आवळेल तेव्हा माणसानेही गुडघा सरळ करायचा जोर लावायचा, नुसते बसायचे नाही.

विश्रांती एवढी का? आपण स्वतः जोर लावतो तेव्हा मेंदू स्नायूचे धागे पाळीपाळीने वापरतो. मशीन पॅडजवळचे तेच धागे, सगळे एकदम, परत परत ओढते. त्यांना पाळी बदलून मिळत नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या गुडघ्याला हे सर्जन आणि फिजिओ यांनी तारीख दिल्यावरच सुरू करायचे.

कोकणकडा :
पोटावर बांधायच्या पट्ट्यांबद्दलही लिहा. ‘न हलता पोट कमी’ अशा जाहिराती अजून येतात.

पळसपान :
पोट कमी होत नाही. मे २००२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशाच तीन पट्ट्यांच्या विक्रेत्यांवर खोट्या दाव्यांबद्दल कारवाई सुरू केली होती. स्नायू आवळला तरी त्यावरची चरबी त्याने वितळत नाही.

पण अंगभर इलेक्ट्रोड असलेला सूट घालून करायचा ईएमएस व्यायाम, त्याची काळजी जास्त गंभीर आहे. पहिल्याच वेळी पूर्ण जोरावर २० मिनिटे केल्यावर स्नायूपेशी फुटून त्यातले प्रथिन रक्तात उतरल्याच्या आणि मूत्रपिंडावर ताण आल्याच्या नोंदी आहेत. एक-दोन दिवसांत स्नायू प्रचंड दुखणे, सूज, आणि लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा, ही खूण दिसली तर पाणी पीत घरी बसायचे नाही, रुग्णालयात जायचे. सुरुवात कमी वेळ, कमी जोर, आणि आठवड्यातून एकदाच.

तांबडमाती :
चेहऱ्याच्या लकव्याला चालेल का? एक बाजू वाकडी झाली की पुष्कळजण मशीन आणतात.

निशिगंध :
घरच्या मशीनने नको. चेहऱ्याची नस पूर्ण तुटक झाली असेल तर ३०० मायक्रोसेकंदांच्या पल्सला स्नायू उत्तरच देत नाही. नस शाबूत असलेला स्नायू एक मिलिसेकंदाच्या आतल्या पल्सने हलतो, नस गेलेल्याला दहा मिलिसेकंदांपेक्षा लांब पल्स लागते. ती सोय दवाखान्यातल्या गॅल्व्हॅनिक मशीनमध्ये असते, आणि तिथेही ती द्यावी की नाही यावर मतभेद आहेत. घरी मग काय होते, तर स्नायू हलत नाही म्हणून माणूस पातळी चढवत जातो, आणि डोळ्याजवळची कातडी भाजते. पहिल्या तीन दिवसांत डॉक्टरकडे जाऊन स्टेरॉइडचा निर्णय घेणे आणि न मिटणारा डोळा जपणे, त्या वेळी हेच लाखमोलाचे.

मृद्गंध :
दोन छोट्या गोष्टी राहिल्या. चार्जिंगला लावून मशीन वापरू नये. चांगली मशीन चार्जिंग चालू असताना आउटपुट बंदच ठेवतात. स्वस्त चार्जरमध्ये घरातल्या विजेपासूनचे अंतर कसे राखले आहे ते आपल्याला दिसत नाही, आणि बिघाड झालाच तर पॅडच्या रूपाने आपण ओल्या जेलने त्याला जोडलेले असतो. दुसरी गोष्ट, झोपताना, गाडी चालवताना, आंघोळीच्या वेळी नाही. झोपेत पॅड सुटतो आणि वरची कोपऱ्याची गोष्ट घडते.

बारा_व्होल्ट :
आणि वायरच्या टोकाला उघडी धातूची पिन असेल, तर घरातली लहान मुले! अंगाला चिकटलेली वायर आणि दुसऱ्या टोकाची पिन सॉकेटच्या भोकात, हा अपघात कल्पनेतला नाही. रुग्णाला जोडायच्या वायरींची पिन अशी मोकळी असू नये म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (औषधे-उपकरणांच्या नियामकाने) १९९७ मध्ये नियम केला. खरेदी करताना पिनभोवती प्लास्टिकचे कवच आहे का ते बघा. आपल्याकडे खोक्यावर उत्पादन परवाना क्रमांक, आणि बाहेरून आलेले असेल तर आयातदाराचे नाव-पत्ता आणि आयात परवाना क्रमांक हवा. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत ते आहे. ‘मसाजर’ असे लिहून या सगळ्यातून निसटलेली मशीन पुष्कळ आहेत.

कोकणकडा :
आठवडाभर गुण येतो आणि मग येत नाही, असे का होते? पॅड नवे असूनही.

निशिगंध :
सवय होते. उंदरांवरच्या प्रयोगांत रोज एकाच फ्रिक्वेन्सीने टेन्स दिली तर चौथ्या-पाचव्या दिवशी परिणाम ओसरला, वेगवान आणि मंद मिसळून दिल्यावर सवय उशिरा लागली. म्हणून एक दिवस १०० हर्ट्झ, एक दिवस ४ हर्ट्झ, असे करा. एकाच बैठकीतही पाच-दहा मिनिटांनी झिणझिण्या पुसट होतात, तेव्हा एक पातळी वाढवायची असते. पुष्कळजण सुरुवातीलाच लावून विसरतात आणि उरलेली वीस मिनिटे काहीच घडत नाही.

आणखी दोन कारणे. कॅफिनने टेन्सचा परिणाम कमी झाल्याचे एका छोट्या प्रयोगात दिसले आहे, मात्रा होती २०० मिलिग्रॅम. कडक कॉफी आधी न घेता नंतर घ्या. आणि मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामके बरेच दिवस चालू असतील तर मंद टेन्स कमी चालते, वेगवान चालते.

पळसपान :
गुण येत नाही यामागे एक चौथे कारणही असते : दुखण्याचे मूळ वेगळे असणे. रात्री झोपेतून उठवणारी वेदना, कारण नसताना घटलेले वजन, ताप. कंबरदुखीसोबत लघवी तुंबणे किंवा जांघेत-बैठकीत बधिरपणा. यातले काही असेल तर मोड बदलत बसू नका. शेवटच्या दोन लक्षणांना तर तासांचा हिशेब असतो, थेट आपत्कालीन विभाग.

औदुंबर :
सर्वांचे मनापासून आभार. पण मूळ गाठ सुटलेली नाही. निशिगंधताई ८० हर्ट्झ, १०० मायक्रोसेकंद म्हणतात आणि समोरच्या मशीनवर ‘मोड ७’ लिहिलेले आहे. ७ म्हणजे काय हे कसे शोधायचे?

बारा_व्होल्ट :
ज्याच्याकडे ऑसिलोस्कोप (विजेची लाट पडद्यावर दाखवणारे यंत्र) आहे त्याच्यासाठी : पॅड काढून वायरच्या दोन टोकांमध्ये ४७० ओहम, १ वॅटचा रेझिस्टर जोडा, प्रोब १०x वर. शरीराला काहीही जोडलेले नको, मशीन चार्जरला नको. शिखराचे व्होल्ट भागिले ४७० म्हणजे अँपिअर. १८.८ व्होल्ट दिसले तर ४० मिलीअँपिअर. पल्सची रुंदी आणि दोन पल्समधला वेळ पडद्यावरच वाचता येतो. मग रेझिस्टर १००० ओहमचा करा. व्होल्टेज जवळपास दुप्पट झाले तर मशीन स्थिर-प्रवाह, तेवढेच राहिले तर स्थिर-व्होल्टेज. फोनच्या किंवा लॅपटॉपच्या माइकच्या खोबणीत वायर घालून मोजायचा प्रयत्न करू नका, पोर्ट जळेल.

निशिगंध :
बाकीच्यांसाठी हातावरची पद्धत. दोन छोटे पॅड एकाच हाताच्या कोपराखाली, आतल्या बाजूला, चार बोटे अंतराने. एक पॅड एका हाताला आणि दुसरा दुसऱ्या हाताला असे कधीही नाही, मधे छाती येते. पहिली मुंगी येईल तिथवरच पातळी चढवा, त्यावर आणखी एक. आता घड्याळ लावून प्रत्येक मोड दोन मिनिटे बघा.

टकटक मोजता येते का? १० सेकंदांत २० टोले म्हणजे २ हर्ट्झ, ४० म्हणजे ४. हा मंद टेन्स.
टोले मोजता येत नाहीत पण खडखड जाणवते : साधारण १० ते ३०.
सलग, गुळगुळीत झिणझिण्या : ५० च्या वर. दोन मिनिटांत काहीच बदल नसेल तर ही नेहमीची टेन्स.
लाट चढते, थांबते, पूर्ण शांत होते, पुन्हा चढते आणि बोटे आत ओढली जातात : ईएमएस. चालू सेकंद आणि शांत सेकंद मोजून लिहा.
दर काही सेकंदांनी प्रकारच बदलतो : मिश्र मोड. पहिल्या आठवड्यात वापरू नका, कारण एका पातळीवर सोसणारा तुकडा संपून पुढचा जोरात येतो.

मोड बदलताना दर वेळी पातळी शून्य. काही मशीन आपोआप शून्यावर येतात, काही येत नाहीत. हेही आधी तपासून घ्या.

औदुंबर :
चाचणीचे निकाल. मोड १ : १० सेकंदांत २० टोले. मोड ३ : खडखड. मोड ७ : सलग झिणझिण्या, दोन मिनिटे बदल नाही. मोड ११, हातोड्याचे चित्र : ५ सेकंद आवळ, ५ सेकंद शांत. मोड १४ : ६ सेकंद चढ-आवळ, १८ शांत. मोड १८ ते २४ सगळे मिश्र. मोड बदलल्यावर पातळी शून्यावर येते.

म्हणजे गुडघ्याला ७ आणि १, दिवसाआड. मांडीला १४. आणि मानेमागे हातोडा, ११?

निशिगंध :
पहिली दोन बरोबर. गुडघ्याला चार पॅड : दोन वाटीच्या वर, दोन खाली, आणि चॅनेल तिरपे, म्हणजे वरचा आतला आणि खालचा बाहेरचा एका वायरवर. मांडीला १४ मध्ये १ ला ३ हे प्रमाण चालते, पण १० आवळांवर थांबा. मशीनचा टायमर २० मिनिटांचा असेल तरी चार मिनिटांनी बंद करायचे.

११ कुठेच नको, मानेमागे तर मुळीच नको. ५ ला ५ म्हणजे विश्रांती आवळण्याएवढीच, तो स्नायूला दमवणारा मोड आहे, हातोडा नुसता चित्रात. मानेलाही ७ च, छोटे पॅड, १५ मिनिटे, पातळी गुडघ्यापेक्षा कमी. आणि सापडलेले आकडे कागदाच्या पट्टीवर लिहून मशीनच्या पाठीला चिकटवा : ७ वेदना, १ वेदना, १४ मांडी. घरात दुसरे कोणी हातात घेईल तेव्हा त्याला हा धागा सापडेलच असे नाही.